ऑनोमॅटोपिया झोपताना

शिक्षकाचे किस्से दोन प्रकारचे. एक, पोरांनी केलेल्या चुकांचे. ते आम्ही दर लग्नात सांगतो. दुसरे, आम्ही केलेल्या चुकांचे. ते पोरं सांगतात. गेल्या वर्षी मात्र आम्ही तिघे पुन्हा विद्यार्थी झालो, आणि दुसऱ्या प्रकारचे किस्से आमच्याच स्टाफरूममध्ये एवढे साठले की म्हटलं, बाहेरच्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकावेत.

मी मूळचा भूगोलवाला. रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजीची जागा रिकामी होती, आणि मी वर्गात ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना हेडमास्तरांनी ऐकलं. झालं! तेव्हापासून बावीस वर्षं मी इंग्रजी शिकवतोय. मग एक दिवस पत्र आलं: इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. अभ्यासाला साहित्यातल्या संज्ञा, कालखंड, लेखक, सगळं.

माझ्याबरोबर पाध्ये सर होते, निवृत्तीला चार वर्षं उरलेले. आणि शिवलकर मॅडम, आमच्यात सगळ्यात तरुण, म्हणजे बेचाळीस. शाळा सुटल्यावर तिघे रोज तासभर बसायचो. हसायचो खूप. पण पत्राची घडी पाध्ये सरांच्या खिशात असायची, आणि मधूनच ते ती चाचपून बघायचे.

* * *

साहित्यातली कुठली संज्ञा दिवसाच्या कुठल्या वेळी पाठ करायची, याचं वेळापत्रक मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचो. त्याच खिशात एकदा बायकोने बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी टाकली. मी मेडिकलमध्ये गेलो, चिठ्ठी दिली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

मेडिकलवाला बराच वेळ आत-बाहेर करत होता. शेवटी चष्मा वर करून म्हणाला, “सर, सकाळची एलेजी संपलीय. जेवणानंतरच्या हायपरबोली आणि ऑक्सिमोरॉनला दुसऱ्या कंपनीचं चालेल? झोपतानाची ऑनोमॅटोपिया मात्र मुंबईहून मागवावी लागेल.”

त्याने आवाज खाली आणला. “घरात कोणाला एवढं सिरीयस आहे?”

“मलाच,” मी म्हणालो.

* * *

पाध्ये सरांना इंग्रजी साहित्याचे कालखंड लक्षात राहात नव्हते. त्यांची आंब्याची बाग आहे. त्यांनी एकेका कलमाला एकेका कालखंडाची पाटी लावली आणि सकाळ-संध्याकाळ बागेतून पाठांतर करत फिरायला लागले. आठवडाभरात सगळे कालखंड तोंडपाठ!

एके दिवशी स्टाफरूममध्ये त्यांच्या गड्याचा फोन आला. गोपाळ संगमेश्वरकडचा, आवाज खणखणीत, स्पीकरची गरजच नाही.

“सर, तुमच्या रोमँटिकवर माकडं बसल्यात! विक्टोरियनला मोहोर हाय, पन नुसता दिखावा. नि त्या मॉडर्नचं काय चाललंय, ता माज्या तरी डोक्यात शिरत नाय!”

पाध्ये सरांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळले. “लिहून घ्या. एवढं थोडक्यात कुठल्याच गाईडमध्ये नाही.”

* * *

शिवलकर मॅडमच्या सासूबाई मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकतात. मॅडमना संज्ञा समजायच्या, पण उदाहरणं सुचायची नाहीत. एका रविवारी त्या सासूबाईंना डबा द्यायला गेल्या. एक गिऱ्हाईक सुरमईचा कल्ला उघडून विचारत होतं, “ताजी आहे ना?”

“ताजी?” सासूबाई म्हणाल्या. “अवो, आता तुमचंच नाव-गाव इचारील ती!”

मॅडमनी लगेच वही काढली आणि हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती, या संज्ञेखाली ते लिहून घेतलं. दुसऱ्या बाईने अगदीच पाडून भाव मागितला. सासूबाई म्हणाल्या, “न्या की! आनि होडी पन न्या संगती!” मॅडमनी तेही लिहिलं, उपरोधाखाली.

“काय लिवतेस गो?”

“तुमचं बोलणं, आई. परीक्षेत येतं हे सगळं.”

पुढच्या रविवारी मॅडम वही घेऊनच गेल्या. गिऱ्हाइकाने विचारलं, “ताजा आहे का हो?” सासूबाईंनी पदर नीट केला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “होय. मासा ताजा आहे.”

गिऱ्हाईक पुढे गेलं. मॅडम म्हणाल्या, “आई, असं काय बोललात?”

“मग! परीक्षेचं बोलनं हाय. चुकलं तर मार्क तुझे जातील!”

* * *

आता माझा. एका संध्याकाळी मी मोठ्याने वाचत होतो, “स्माईल म्हणजे दोन गोष्टींची तुलना...”

शिवलकर मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, ते सिमिली आहे.”

मी स्पेलिंग बघितलं, एसच्या पुढे एक आय होता. पुन्हा बघितलं. बावीस वर्षं मी वर्गात स्माईल म्हणत होतो!

दोन दिवसांनी एसटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता कंडक्टर आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे, मी कविता शिकवायचो ते आठवतं?”

“न आठवून सांगतो कुणाला, सर! तुम्ही फळ्याकडे बोट करून ‘लुक, हिअर इज अ स्माईल’ म्हणायचात आणि आम्ही सगळे दात दाखवायचो. जो दाखवणार नाही त्याला तुम्ही उभं करता, असं वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगून ठेवलं होतं.”

आणि मला इतकी वर्षं वाटायचं, आपल्या वर्गाला कविता फार आवडते.

* * *

निकाल लागला. तिघेही पास. पाध्ये सर आमच्यात पहिले, मी काठावर. पेढे वाटून झाले, पाध्ये सरांनी ते पत्र फाडलं. पण परीक्षेच्या दिवशीची एक गोष्ट मी त्या दोघांनाही बरेच दिवस सांगितली नव्हती.

केंद्र सावर्ड्याकडच्या एका कॉलेजात होतं. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. आजूबाजूला सगळी पंचविशीतली मुलं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई हॉलतिकीट तपासत आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि एकदम वाकून नमस्कारच केला.

“सर, मी सायली! तुमच्या वर्गात होते. पहिल्या बाकावर.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण ती मनापासून हसत होती. “सर, मी आता इंग्रजी शिकवते. तुमच्यामुळेच या विषयाकडे वळले.”

हे ऐकल्यावर माझी पाठ जरा सरळ झाली. आजूबाजूच्या मुलांनाही ऐकू जाईल अशा बेताने मी विचारलं, “वा! म्हणजे ही परीक्षा तूही दिली असशील?”

“हो सर. पास झाले.”

“तुला काय, सोपी गेली असेल!”

तिने माझं हॉलतिकीट नीट टेबलावर ठेवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“तिसऱ्यांदा गेली, सर. पहिल्या दोन वेळा तुमच्याच नोट्स वापरल्या होत्या.”