टाचणीखालचा मिनुएट

दंतवैद्य एगॉन हासलिंगर यांना ऑस्ट्रियातल्या आमच्या पुर्गस्टाल गावात सगळे थोर रसिक समजतात. मी तीस वर्षं दर रविवारी दुसरं व्हायोलिन घेऊन त्यांच्या शेजारी बसले आहे, त्यामुळे माझं मत वेगळं आहे.

संगीतकार हायडनने तरुणपणी, इथून जवळच्याच एका गढीत, चार तंतुवाद्यांसाठी पहिल्यावहिल्या रचना केल्या असं म्हणतात. प्रत्येकीत पाच छोटे भाग, त्यांत दोन मिनुएट, म्हणजे नाचाच्या चाली. थट्टेखोर, हलक्या पावलांच्या. डॉक्टरांच्या लेखी हे सगळं बाळबोध. त्यांना हायडनच्या उतारवयातल्या अवघड रचना हव्या असत. त्यांत ते तिसऱ्या ओळीला घसरत आणि दोष द्यायचा तो चेलो वाजवणाऱ्या लोइडल बेकरीवाल्याला.

सुरुवातीच्या रचना फक्त हात मोकळा करण्यापुरत्या. त्यांतल्या माझ्या सर्वांत आवडत्या रचनेचा दुसरा मिनुएट तर कधीच नाही. 'एक मिनुएट पुरे, कॉफी निवते,' म्हणत डॉक्टरांनी त्या पानाला टाचणी लावून ते बंदच करून टाकलं. ११ मार्च १९६२. रोजनिशीत नोंद आहे.

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण, वाजवायची ओटिली ग्रासमुक, हातमोजे शिवणारी. या रचनांत व्हायोलाला बहुतेक चेलोचीच री ओढावी लागते. त्या मिनुएटच्या मधल्या भागात मात्र गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडायच्या असतात. ओटिली तो भाग घरी एकटीच वाजवायची. चौघांत एकदा वाजवावा, एवढीच तिची इच्छा. ती सोमवारी कायमची भाचीकडे ग्राट्सला जाणार होती; व्हायोला विकला होता, फक्त हवाली करायचा राहिला होता.

शेवटच्या रविवारी तिने विचारलं, "डॉक्टर, आज दुसरा मिनुएट घेऊ या का?"

"ओटिलीबाई, पोरखेळ आहे तो. जाता जाता काहीतरी भारदस्त वाजवा."

"भारदस्त वाजवताना आपण शेवटापर्यंत पोचलोय कधी?"

लोइडलला खोकला आला. त्याला सर्दी नव्हती.

डॉक्टर नाइलाजाने टाचणी काढू लागले; ती गंजली होती. निघाली तेव्हा पानावर तांबूस डाग राहिला. आम्ही सुरुवात केली आणि चौथ्या मात्रेला डॉक्टर हरवले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हरवले. तिथे मिरवायला काही नव्हतं, फक्त वेळेवर यायचं आणि हलकं राहायचं. शेवटी छपाई बारीक आहे म्हणून त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

ओटिली थांबली नाही. ती तारा छेडत राहिली, लोइडल आणि मी सोबतीला. वरची चाल, डॉक्टरांची, नव्हतीच. तरी आम्हा तिघांना हसू आवरेना. मधला भाग तिने दोनदा घेतला.

त्या रचनांत दम नाही, असं डॉक्टर अजूनही सांगतात. पानाला टाचणी आहेच. आता स्टीलची आहे.