हलगीच्या ठेक्यावरचे पाऊल

माझ्या वडिलांनी मारलेल्या कुस्त्या मी पाहिल्या नाहीत. त्यांचे एका मैदानातले चालणे मात्र पाहिले, आणि मला अभिमान आहे तो त्याचाच.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला विज्ञान शिकवत असताना त्यांना कंपवात जडला. लोकांना हातांची थरथर दिसे. त्यांना सले ते पायांचे अडणे. अंगात बळ असूनही उंबऱ्यापाशी ते खिळून उभे राहत. आम्ही हाताला धरून ओढले, की अधिकच ताठत.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला कारण समजावले. पाऊल उचलतात स्नायू. पण 'आता उचल' हा हुकूम मेंदूत खोलवर असलेल्या पेशींच्या साखळीतून सुटतो. ही साखळी एरवी हालचाली रोखून धरते आणि नेमक्या क्षणी हवी तेवढीच मोकळी करते. या आजारात ती सुटका वेळेवर होत नाही. मात्र बाहेरून ठेका मिळाला, तर तोच हुकूम दुसऱ्या वाटेने पोहोचू शकतो.

त्या वर्षी कुंडलजवळच्या एका गावाने जत्रेतली शेवटची कुस्ती लावण्याचा, म्हणजे मल्लांचे हात जुळवून लढत सुरू करून देण्याचा, मान वडिलांना दिला. त्यांनी एकच अट घातली. "मी माझ्या पायानं जाणार. कुणी बखोट धरायचं न्हाई."

हलगीच्या तालावर ते मैदानाच्या कडेपर्यंत ताठ चालत आले. तेथे पाहुण्याच्या मानासाठी हलगी थांबवायला पंचांनी हात वर केला. हलगी थांबली, मैदान शांत झाले, आणि वडिलांचे पाऊलही थांबले. तांबड्या मातीपुढे ते उठेना.

"आवं, या की वस्ताद!" पंच म्हणाले.

मागून कोणी पुटपुटले, "म्हातारं भ्यालं काय रं?"

दोघे त्यांना धरायला सरसावले. मी त्या दोघांना अडवले आणि हलगीवाल्याला म्हणालो, "वाजवा!"

पंच रागावले. "मास्तर, पाहुण्याचा काय मान हाय का न्हाई?"

"आज वाजवण्यातच त्यांचा मान आहे."

हलगी कडाडली. वडिलांचा उजवा पाय उठला, मग डावा. ते मधोमध गेले आणि थरथरत्या हातांनी त्यांनी दोन्ही मल्लांचे हात जुळवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी हलगी पुन्हा थांबली होती. वडील हलगीवाल्याकडे वळून गरजले, "वाजीव की गड्या! मला काय हितंच ठेवतोस?"

सारे मैदान हसले आणि हलगी पुन्हा कडाडली. ते माझ्या दिशेने येऊ लागले, तेव्हा मी वाट सोडून बाजूला झालो.