कारखाना वाचवणारे

आमच्या भागातला साखर कारखाना पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. चारचौघांत असं बोलायची सोय नव्हती. गावोगाव लोक घरात मयत झाल्यासारखी तोंडं करून बसले होते. त्या कारखान्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात असे कारखाने पाहिलेल्या माणसाला नावाची गरजही पडणार नाही.

मी भिंगारचा. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, आता ते मी चालवतो. लष्करी वस्तीच्या कडेला पत्र्याची शेड आहे. अब्बांचा हातखंडा होता उसाच्या चरकात. रसवंतीवाले आणि गुऱ्हाळवाले लांबून त्यांच्याकडे यायचे. चरकाची लाट, म्हणजे ऊस दाबणारा रूळ, झिजली, दाते तुटले, रस उकळायच्या काहिलीला भोक पडलं, की टेम्पोत घालून थेट भिंगार. अशाच एका टेम्पोतून माझा भागीदार पहिल्यांदा आला. माझ्याच वयाचा, उसाची शेती असलेल्या घरातला थोरला मुलगा. कुठूनतरी जुनी काहील मिळवून ती दुरुस्तीला घेऊन आला होता.

"गुऱ्हाळ काढताय का?" मी विचारलं.

"काढायचं म्हणतोय. कारखाना बंद हाय, ऊस रानात उभा हाय. वाळू द्यायचा का?"

काहिलीला ठिगळ मारून होईपर्यंत आम्ही दोनदा चहा प्यालो. जाताना तो म्हणाला, "चरक तू बनव. जागा माझी, ऊस माझा. धंदा दोघांचा." अब्बांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले की भागीदारी कर, पण त्याच्या वडिलांना आधी भेटून ये.

मी भेटलो. त्याचे वडील जुने सभासद. कारखान्याच्या पायाभरणीत आपण दगड वाहिले होते हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं. "कारखाना आपल्या मालकीचा हाय," ते म्हणाले. "आज बंद हाय, उद्या चालू हुईल. तवर तुमी काय करायचं ते करा."

कारखाना का बंद पडला हे सगळ्यांना ठाऊक होतं. संचालकांचे भाचे, पुतणे, जावई कामावर भरले होते. दारूचा प्रकल्प उभा केला, तो कधी धड चालला नाही. गाळप घटत गेलं तसं कर्ज वाढत गेलं. पाऊस, साखरेचा भाव, दिल्लीचं धोरण अशी कारणं सभेत सांगितली जायची. शेजारच्या कारखान्यावर तोच पाऊस पडत होता आणि त्याची साखर त्याच भावानं जात होती. तो चालू होता. आमचा कारखाना कुणी बाहेरून पाडला नाही. तो आतून पोखरून पडला, आणि पोखरणारे आत बसूनच होते.

आमचं गुऱ्हाळ उभं राहिलं. भागीदाराचा धाकटा भाऊ कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद झाल्यावर तो घरी बसून होता, रोज कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचा. सुरुवातीला त्याला आमच्याकडं यायला कमीपणा वाटला. कारखान्याच्या अजस्र यंत्रांवर काम केलेला माणूस आमच्या चरकाकडं पोराच्या खेळण्याकडं बघावं तसं बघायचा. एक दिवस चरक अडकला. गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, रसासाठी ओरडायला लागला, तेव्हा हा पुढे झाला आणि चरक खोलून बसला. त्या दिवसापासून चरक त्याच्या ताब्यात गेला.

नंतर त्यानं मला बसवून सांगितलं, "भाऊ, लाट अशी बसवली तर चिपाडात रस र्‍हातो. आपण तिसरी लाट टाकू." आम्ही टाकली. रस वाढला. गुऱ्हाळात चिमणीजवळ उभा राहून तो शिट्टी वाजवायचा ते मला आठवतं. कारखान्यात असताना तो कधी असा खुशीत दिसला नव्हता असं त्याची आई म्हणाली.

राहुरीच्या विद्यापीठात जाऊन आम्ही बिनरसायनाच्या गुळाचं प्रशिक्षण घेतलं. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकून मळी काढायची ही जुनीच रीत, ती नव्यानं शिकलो. आमचा गूळ सोनईच्या बाजारात जायचा, नगरचे व्यापारी घरी यायला लागले. परिसरात आणखी गुऱ्हाळं निघाली. काहींनी ऊस मोडून कांदा केला, काहींनी शेजारच्या कारखान्याला ऊस घातला. कारखान्यातले किती तरी कामगार सुप्याच्या आणि नगरच्या एमआयडीसीत लागले. कुणाचे हाल झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. झाले. पण माणसं वाट काढत होती. जो तो आपला रस्ता शोधत होता, आणि तो सापडतही होता.

तेवढ्यात सरकारला आमची दया आली.

निवडणुका तोंडावर होत्या. कारखान्याच्या नव्या कर्जाला सरकारनं थकहमी दिली. थकहमी म्हणजे कारखान्यानं कर्ज फेडलं नाही तर ते सरकार फेडणार. सरकार म्हणजे कोण, हे तिथं कुणी विचारलं नाही. भिंगारमध्ये काडेपेटी विकत घेणारी बाई म्हणजे सरकार. माझ्या दुकानात वेल्डिंगच्या कांडीवर कर भरणारा मी म्हणजे सरकार. ज्यांनी कारखाना बुडवला तेच अध्यक्ष, तेच संचालक. चौकाचौकात फलक लागले, त्यावर त्यांचेच फोटो, आणि खाली लिहिलेलं की तालुक्याचा श्वास वाचवला.

वार्षिक सभा झाली. मी सभासद नाही, म्हणून मंडपाच्या कडेला उभा राहिलो. भागीदार त्याच्या वडिलांशेजारी बसला होता. अहवाल वाचन झालं, आणि प्रत्येक विषयाला पुढच्या रांगेतून ठरलेली माणसं "मंजूर, मंजूर" म्हणत गेली. सरकारच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा भागीदार उठला.

"मला बोलायचं हाय."

अध्यक्ष हसून म्हणाले, "बोला की. घरची सभा हाय."

"हे पैसे कारखान्याला कशाला? कामगारांचे पगार राहिलेत, ते त्यांच्या हातात द्या. ज्याला दुसरं काय करायचं ते त्यो करंल. कारखाना ज्यांनी बुडवला त्यांच्याच ताब्यात पुन्हा पैसे का?"

मंडपात थोडी कुजबुज झाली. अध्यक्षांचं हसू तसंच होतं. "कारखाना बुडाला तर तालुका बुडंल, पाटील."

"दोन वर्षं बंदच हुता. तालुका बुडाला न्हाई. आमी हाय की इथं, जिवंत."

"तुमी जिवंत हाय, कारण तुमी गुऱ्हाळ काढलंय," अध्यक्ष आता माईक हातात घेऊन सगळ्यांकडं वळून बोलायला लागले. "यांना कारखाना बंदच पायजे. गरीब कामगाराच्या चुलीत पाणी पडलं तरी चालंल, यांचा चरक फिरला पायजे. आणि भागीदार कोन, तर भिंगारचा."

लोक वळून माझ्याकडं बघायला लागले. 'भिंगारचा' या शब्दात आणखी काय होतं हे मला आणि तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. भागीदार काही बोलणार तोच पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. त्याच्या वडिलांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

बाहेर आल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ आले. त्यांना वाईट वाटलं होतं. पण म्हणाले, "संचालकाला मी शब्द दिलाय. औंदा ऊस कारखान्याला जाईल."

"आणि गुऱ्हाळाला, बाबा?" भागीदारानं विचारलं.

"गुऱ्हाळ तुमचं हाय. कारखाना आपला हाय."

खरं सांगायचं तर त्यांचा ऊस गेला असता तरी आम्ही तगलो असतो. इतरांचा ऊस मिळाला असता. आम्हाला मारलं ते तोडणीनं. ऊस तोडणाऱ्या टोळ्यांना हंगामाआधी आगाऊ रक्कम द्यावी लागते, तिला उचल म्हणतात. कारखान्याच्या हातात आता दुसऱ्याचा पैसा होता. स्वतःच्या कमाईतून देणारा माणूस विचार करून देतो. यांनी टोळ्यांच्या मुकादमांना मागतील तेवढी उचल वाटली आणि आजूबाजूच्या सगळ्या टोळ्या नेल्या. शेतकऱ्यांना उसाचा असा भाव जाहीर केला की कुठल्याच गुऱ्हाळाला तो परवडला नसता. कारखान्यालाही परवडणार नव्हता. पण जाहीर करायला काय लागतं? तोटा आला तर तो त्यांच्या घरातून जाणार नव्हता.

आम्ही स्वतः कोयते घेऊन रानात गेलो. भागीदार, त्याची बायको, मी, दोन शेजारी. तोडून तोडून किती तोडणार? काहील अर्धी भरायची, चुलवाण पेटवायचं आणि रस संपला म्हणून विझवायचं. गुळव्या महिनाभर थांबला. मग एका सकाळी आपली वळकटी बांधून मला म्हणाला, "मालक, रस न्हाई तर मी कशाला?" मी त्याला अडवलं नाही.

धाकट्या भावाला कारखान्यानं परत बोलावलं होतं. तो आनंदानं गेला. मी त्याला म्हणालो, तिसरी लाट तू बसवलीस, हे तुझं आहे. तो म्हणाला, "भाऊ, तिकडं कायम हाय. पेन्शन हाय. हितं काय हाय?" त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना कारखान्यातला मुलगा हवा होता. त्याच्यावर मी तेव्हा रागावलो नाही. माझा राग ज्यांनी 'कायम' हा शब्द पुन्हा त्याच्या तोंडात घातला त्यांच्यावर होता, आणि तो आजही तसाच आहे.

परिसरातली बाकीची गुऱ्हाळंही एकेक करून थंड झाली. आमचा चरक पारनेरकडच्या एका माणसानं विकत नेला. अब्बा तेव्हा हयात होते. ट्रकमध्ये चढवताना ते येऊन उभे राहिले आणि नेणाऱ्याला वंगण कुठं घालायचं ते समजावून सांगत राहिले.

कारखाना एक हंगाम पूर्ण चालला. दुसऱ्या हंगामात मधेच थांबला, बॉयलर बिघडला म्हणाले. मग कळलं, बॉयलरच्या दुरुस्तीला ठेवलेले पैसेही उचलीतच गेले होते आणि काही मुकादम ते घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात पसार झाले होते. भागीदाराच्या वडिलांचा ऊस रानात उभाच राहिला. त्याला तुरे आले, मग तो पोकळ पडत गेला. आता गुऱ्हाळ नव्हतं, टोळी नव्हती, चरक नव्हता. आधीच्या उसाचा जाहीर भाव तर अर्धाही हातात आला नव्हता. म्हातारा बांधावर बसून राहायचा. मी भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाला, "बुडणारा माणूस दुसऱ्याला धरून बुडवतो, हे आमाला म्हाईत हुतं. पर कारखान्याचं तसंच असतं हे न्हाई कळलं."

धाकटा भाऊ काही महिन्यांनी माझ्या दुकानात आला. आता त्याला लेकरू होतं. "काम हाय का, भाऊ?" मी हो म्हणालो. गेट, जिने, गोडाऊनच्या शेड, पाण्याच्या टाक्यांची स्टँडं. हात चांगला होता, पण नव्या गोष्टी शिकायला त्याला जड जात होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "पहिल्यांदा बंद पडला तवाच पडू दिला असता तर बरं झालं असतं. तवा मी तरणा हुतो. आता हितं सगळं पुन्हा पहिल्यापास्नं." पुढाऱ्यांच्या भाषणात ज्या गरीब कामगाराची चूल होती, तो हाच. त्याला वाचवायच्या नावाखाली त्याची उमेदीची वर्षं खाल्ली होती.

तीन वर्षं तो माझ्याकडं राहिला. हळूहळू नुसतं चित्र बघून लोखंड कापायला लागला. मी दुकानाचा निम्मा भार त्याच्यावर टाकायचा विचार करत होतो. आणि पुन्हा निवडणुका आल्या, पुन्हा थकहमी आली. फोटो तेच, फक्त अध्यक्षांच्या शेजारी आता त्यांच्या मुलाचा फोटो होता.

एके दिवशी धाकटा सकाळी आला तो कामाचे कपडे न घालताच. दारात उभा राहिला.

"हाक आलीय, भाऊ."

"कुणाची?"

"कारखान्याची. जुन्या मान्सांना घेतायत. मागचे पगार बी देतो म्हनाले, पर हजर झालं तरच."

"आणि तू जाणार."

"न्हाई गेलो तर मागचं सगळं जातंय."

मी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. माझ्या तोंडून निघालं, "तुझे पैसे अडकवून तुला बोलावतात आणि वर तुझ्यावर उपकार केले म्हणून फलक लावतात. आणखी दोन वर्षांनी पुन्हा माझ्याच दारात येशील."

त्यानं विचारलं, "आलो तर घेशील का?"

मी होल्डर उचलला आणि कामाला लागलो. तो गेला. नंतर मला वाटलं, हो म्हणायला हवं होतं. मग वाटलं, का म्हणून? त्यांनी बुडवायचं, आम्ही माणसं शिकवून तयार करायची, आणि त्यांनी लोकांच्या पैशावर ती परत उचलून न्यायची. हा धंदा माझ्याच्यानं होणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी भागीदाराच्या गावी गेलो होतो. भागीदारी संपली तरी मी त्याला भागीदारच म्हणतो. त्यानं सगळा ऊस मोडला होता आणि तिथं सीताफळ लावलं होतं. आम्ही ओसरीवर बसलो होतो, त्याचे वडीलही होते. कारखान्याचा माणूस मोटारसायकलवरून उसाची नोंद घ्यायला आला.

"औंदा किती एकर धरू, बाबा?"

"ऊस न्हाई," म्हातारा म्हणाला.

"असं कसं? सभासदानं ऊस दिलाच पायजे. सरकारनं एवढं केलंय आपल्यासाठी."

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "सरकारला म्हनावं, लई केलंस. आता आमाला सोड."

तो माणूस हसावं की नाही अशा विचारात उभा राहिला. भागीदाराच्या बायकोनं त्यालाही चहा दिला. तो चहा पिऊन पुढच्या वस्तीकडं गेला, आणि भागीदार मला ठिबकची नळी कुठं गळते ते दाखवायला रानात घेऊन गेला.