सोळा पिवळ्या रेघा

जुबेदाभाभींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये होते. त्या मला कधी सकाळी फोन करत नाहीत. बाहेर येऊन घेतला, तर पलीकडून एवढंच आलं, "ताई, हे गेले..." कुठे गेले, असं मी विचारलंसुद्धा. मग गाडीची किल्ली घेऊन मोहम्मद बिन झायद सिटीहून उम्म अल कुवैनला निघाले. त्या दोन तासांत मी एकच गोष्ट आठवत होते... माझ्या वहीतली सातवी ओळ.

भाभींचे 'हे' म्हणजे बशीरभाई, मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. इथे आखातात आम्ही एकाच कारखान्यात अकरा वर्षं काम केलं, ते मेंटेनन्सला, मी प्लॅनिंगला. मशीन कधी चालू होणार, हे विचारायला मी रोज त्यांच्या डोक्यावर बसायचे आणि ते मला "लिस्टवाली ताई" म्हणायचे. निवृत्तीच्या आधी त्यांनी विलायतेहून एका स्पोर्ट्स कारचे सुटे भाग खोक्यांतून मागवले. दोन सीट, दार नाही, छप्पर नाही, एसीचा तर प्रश्नच नाही. सगळी मिळून गाडी पाचशे किलोच्या आसपास. खोकी उघडली तेव्हा जोडणीच्या सूचनांचे कागद पाहून त्यांनी मला बोलावून घेतलं. "हे वाचणं आपलं काम नाय. तुम्ही वाचा, मी आवळतो." वाचता वाचता मीही पाना हातात घेतला. त्यांच्या घराच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन हिवाळ्यांत ती गाडी उभी राहिली. उन्हाळ्यात तिला हात लावायची सोय नव्हती, पान्यांनी बोटं भाजायची.

इतक्या हलक्या गाडीत प्रत्येक नट मोजूनमापून आवळावा लागतो, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांशिवायही, नुसत्या उष्णतेने आणि थरथरीने, तो सैल होतो. म्हणून आमचा एक नियम होता. जो नट आवळेल त्याने त्यावर खूण करायची नाही. दुसऱ्याने पुन्हा पाना लावून बघायचं आणि मग नटावरून चाकापर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. चार चाकं, सोळा नट, सोळा रेघा. रेघेसाठी मी पिवळी नेलपॉलिश आणली होती. बाटली उन्हात धरून ते म्हणाले, "ही लावून ऑफिसला जाता काय? बॉस पळून जाईल."

दर हिवाळ्यात आम्ही कुठे ना कुठे जायचो. सीटच्या मागे एकच पिशवी मावते, त्यामुळे यादी करणं माझ्याकडे. भाभींना गाडीची धास्ती होती. त्या डबा द्यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "झालं ना सगळं बघून?" मी वही दाखवायचे.

एका हिवाळ्यात डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदराला निघालो, त्या सकाळी चढाआधीच्या पंपावर पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलं. बशीरभाईंनी मागचं जादा चाक चढवायला घेतलं. एवढ्यात एक कुटुंब गाडीबरोबर फोटो काढायला आलं आणि मला माझ्या मुलीचा फोन आला. "आई, व्हेअर इज माय केमिस्ट्री फाइल?" मी तिला कपाट समजावत होते, ते फोटोवाल्यांना हटवत होते. "खलास ताई. यल्ला, निघूया." मी फोन खांद्याला धरून वहीत बरोबरची खूण केली. वाकले नाही. चाक पाहिलं नाही.

उतारावर गाडी मी चालवत होते. मागे बंदराकडे जाणारा ट्रेलर. आधी स्टिअरिंगमध्ये बारीक कंप आला, मग डावीकडून टक्... टक्... असा आवाज. समोर बोगद्याचं तोंड. माझा पाय ब्रेककडे गेला आणि बशीरभाई अगदी हळू आवाजात बोलले, "ब्रेक नको. पाय फक्त उचला. चाक सरळ धरा... माझ्याकडे बघू नका, रस्ता बघा." त्यांनी उठून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ट्रेलरला हाताने खुणा करू लागले. ट्रेलरचा भोंगा इतका जवळून वाजला, की तो आपल्या आतच वाजतोय असं वाटलं. बोगद्याच्या आधी थोडी कडेची जागा होती. तिथे गाडी घरंगळत थांबली, तेव्हा माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

चाकाचे दोन नट गेले होते. तिसरा त्यांनी बोटाने फिरवून काढून दाखवला.

"चूक माझी," ते म्हणाले.

"दोघांची."

"नाय ताई." ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "मी विसरू शकतो. म्हणून तर तुम्ही आहात."

मग त्यांनी मागच्या दोन चाकांचा एकेक नट काढून पुढच्या चाकाला लावला. मी पाना लावून बघितलं आणि रेघा ओढल्या. भाभींना त्यांनी हे कधीच सांगितलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुमारास पाना ओढताना ते मध्येच थांबले आणि जबडा चोळू लागले. "दात असेल," म्हणाले. पुढच्या फेरीची यादी होती. पुढच्या चाकांचे बेअरिंग, ब्रेक ऑइल... आणि सातव्या ओळीत मी लिहिलं, "बशीरभाई, डॉक्टर, ईसीजी." आठवड्याने फोनवर यादी वाचून दाखवली. सातव्या ओळीला ते म्हणाले, "खलास." मी बरोबरची खूण केली. कागद मागितला नाही, भाभींना विचारलं नाही. हृदयविकाराच्या झटक्याने ते गेल्यावर कळलं, ज्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतली होती त्याच दिवशी बेअरिंग आले, म्हणून ते शेडमध्येच राहिले.

महिन्याने मी पुन्हा त्या घरी गेले. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाहीत. चहा देऊन म्हणाल्या, "इद्दत संपली, की मला एकदा त्या गाडीतून खोर फक्कानला न्याल? एवढी वर्षं मी दारातच राहिले." मी लगेच हो म्हटलं नाही. शेडमध्ये गेले. बेअरिंग बसवलेले होते, चाकं चढवलेली होती. जुन्या रेघा पुसून नट स्वच्छ केले होते आणि नवी एकही रेघ नव्हती. बॉनेटवर पिवळी बाटली ठेवलेली... माझ्यासाठी.

मी एकेक नटाला पाना लावला. पंधरा नटांवर पाना कट् करून थांबला. सोळावा, पुढच्या डाव्या चाकाचा, माझ्या हाताखाली अर्धा फेरा फिरला. तिथपर्यंत येताना त्यांचा हात दमला असावा. मी तो आवळला आणि बाटली उघडली. पण आता तो मी आवळला होता, आणि त्यावर रेघ ओढायला दुसरं कोणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारातून भाभींनी विचारलं, "झालं ना सगळं बघून?"

माझ्या तोंडाशी आलेलं "खलास" मी गिळलं. "एक राहिलाय, भाभी. इकडे या. हा पाना कसा धरायचा ते दाखवते."