शर्ट हलू नये इतकं अंतर

ताईंच्या हाताखाली गाडी शिकलेली माणसं शहरात जागोजागी भेटत. दवाखान्यातली नर्स, पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. वयाने मोठे असले तरी सगळे त्यांना ताईच म्हणत. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर हलकासा पाय ठेवून ताई एका सुरात सांगत राहायच्या. क्लच. आरसा. आता गिअर. आवाज कधी चढत नसे. समोर सायकलवाला किंवा कडेने चालणारं कुणी आलं, की त्यांचं वाक्य ठरलेलं होतं.

"हॉर्न दे आणि नीघ. रेंगाळू नकोस."

यात त्यांचा अनुभव होता. शिकाऊ माणूस सायकलमागे अडकला की मागचे हॉर्न बडवायला लागतात, मग त्याचे हातपाय गळतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्यापेक्षा सुटलेलं बरं.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या दिराने मिळून काढलं होतं. दोघांच्या दोन गाड्या. गेल्या वर्षी ताईंच्या गाडीच्या इंजिनाने राम म्हटला, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने आपली गाडी स्कूलला दिली. ते फोटोंना फ्रेमा करायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना फ्रेमवाले म्हणे. दुकान नदीपलीकडे होतं.

"मला काय, सायकल आहे की," ते म्हणाले. "पोटही जरा आत जाईल."

गाडीच्या टपावर स्कूलची पाटी चढली आणि फ्रेमवाले जुनी सायकल पुसूनबिसून कामाला जायला लागले. पोट खरंच थोडं आत गेलं. सुरुवातीला घरी आले की वाटेतल्या गमती सांगायचे. हळूहळू ते कमी झालं. मग ताईंच्या लक्षात आलं, की हे हल्ली सकाळी फारच लवकर निघतात. एकदा जिन्याखालचा झाडू काढताना त्यांचा हात सायकलच्या सीटला लागला आणि बोटांना धूळ लागली.

जेवताना त्यांनी विषय काढला.

"सायकल बिघडली का हो?"

"नाही."

"मग?"

"चालत जातो. बरं वाटतं."

"पुलावरून?"

"नाही. स्टेशनच्या पादचारी पुलावरून."

"एवढा वळसा घालून?"

फ्रेमवाल्यांनी सावकाश घास संपवला. "आपल्या पुलावर गाड्या फार जवळून जातात."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्याच. तुझीसुद्धा."

ताईंचा हात ताटातच थांबला.

"तुझ्याकडची एक मुलगी चालवत होती," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, कुणाची फ्रेम कशी तुटली हे सांगावं तसं सांगत होते. "मागून हॉर्न आला. मी दचकलो, चाक डुगडुगलं, आणि आरसा कोपराच्या इतका जवळून गेला की मला वाटलं, लागलाच. मी कठड्याला हात टेकला. बघतो तर आपलीच गाडी."

"हाक नाही मारलीत?"

"मारली ना. काचा वर होत्या."

"मी बघितलंच नाही तुम्हाला."

"माहीत आहे. तू आरशात बघत होतीस. मागचा काय म्हणतोय ते."

ताई आठवायला लागल्या. कुठली मुलगी, कुठला दिवस. काही केल्या आठवेना. पुलावर रोज कितीतरी सायकली ओलांडून व्हायच्या, त्यातली एकही आठवत नव्हती, आणि त्यातल्याच एकीवर आपला नवरा होता हे त्यांना फार लागलं. त्यांनी वाईट शब्द काढला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी लेकीची सायकल बाहेर काढली. लेक शिकायला परगावी होती, सायकल तशीच पडून होती. "मी येते तुमच्याबरोबर दुकानापर्यंत," त्या म्हणाल्या. "पुलावरूनच जाऊ."

फ्रेमवाल्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, पण नको म्हणाले नाहीत.

गल्ल्यांमध्ये ठीक होतं. पूल सुरू झाला आणि ताईंना कळलं, की इतकी वर्षं त्या या रस्त्याच्या मधल्या भागालाच रस्ता समजत होत्या. कडेला गटाराच्या जाळ्या होत्या, फुटक्या काचा होत्या, वाळू होती, आणि ती चुकवायला जरा आत सरकावं तर मागे कुणीतरी असायचंच. एक गाडी त्यांना ओलांडून लगेच कडेला घुसली आणि थांबली, ताईंना पाय टेकावे लागले. मग एक टेम्पो गेला. तो काही फार वेगात नव्हता. पण त्याच्या वाऱ्याने ओढणी फडफडली आणि हँडल आपोआप कठड्याकडे ओढलं गेलं. हॉर्न तर अगदी कानाशी वाजल्यासारखा यायचा. आपणच सांगितलेलं, हॉर्न दे आणि नीघ. बाजूला व्हावं कुठे, हे हॉर्न सांगत नव्हता.

पलीकडच्या चढावर मागून एका सिमेंटच्या ट्रकची घरघर ऐकू आली. ती जवळ आली आणि तिथेच राहिली. ताईंनी जीव मुठीत धरून पायडल मारले.

"हा जात का नाही पुढे?"

"वाट बघतोय बिचारा," फ्रेमवाले म्हणाले. "समोरून गाड्या येतायत ना. घाई करू नकोस, तो नाही खात."

समोरचा रस्ता मोकळा झाला तसा ट्रक पार पलीकडच्या बाजूने वळसा घेऊन गेला. फ्रेमवाल्यांनी हात वर केला. ड्रायव्हरनेही खिडकीतून हात काढला. दुकानात पोचल्यावर ताई काचांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ नुसतं पाणी पीत राहिल्या.

त्या दिवसापासून त्यांचं वाक्य बदललं. तेव्हा त्यांच्याकडे बेकरीवाल्या काकू शिकत होत्या. पाव पोचवणारा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता आणि काकूंनी व्हॅन स्वतःच चालवायची असं ठरवलं होतं. हातात ताकद भरपूर, पण गाडीत बसल्या की चेहरा कणकेसारखा पांढरा.

"सायकल दिसली की मागे राहायचं," ताई सांगू लागल्या. "ती एक गाडीच आहे असं समजा. पूर्ण बाजूला होऊन जाता येत असेल तरच जायचं."

"ताई, मागचा शिव्या घालतोय."

"घालू दे. त्याच्या शिव्या काचेपर्यंतच येतात."

काकू मागे राहायला शिकल्या. आणि परीक्षेत नापास झाल्या. कागदावर कारण लिहिलं होतं, रहदारीला अडथळा.

दिराला आयतंच निमित्त मिळालं. "वहिनी, तुम्ही गाडी शिकवताय की सायकलींची मिरवणूक काढताय? माणसं माझ्या गाडीवर नाव घालायला लागलीत."

ताई तडक परीक्षकांकडे गेल्या. मनात सगळं भाषण तयार होतं. परीक्षक टेबलाशी डबा उघडून बसले होते, त्यांनी ताईंना बसायला सांगितलं आणि ऐकून घेतलं.

"पुलावर त्या सायकलमागे राहिल्या, ते अगदी बरोबर," ते म्हणाले. "त्याचे मी मार्क कापले नाहीत. पण पूल संपला, रस्ता रुंद झाला, समोर कुणी नाही. तरी बाई मागेच. तो सायकलवाला तीनदा मागे वळून बघत होता. शेवटी बिचारा उतरून फुटपाथवर गेला."

"उतरून गेला?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही त्यांना थांबायला शिकवलंत," परीक्षक डब्याचं झाकण लावत म्हणाले. "जायचं कसं, ते राहिलं."

परत येताना ताईंना सिमेंटचा ट्रक आठवला. त्याने वाट पाहिली हे खरं, पण तो गेलाही होता, आणि किती सरळ गेला होता. आपण मात्र स्वतःची भीती उचलून काकूंच्या मांडीवर ठेवली.

हे त्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं. फ्रेमवाले थोडा वेळ हनुवटी खाजवत बसले. मग म्हणाले, "ट्रक उभे करतात ते यार्ड शनिवारी सकाळी रिकामं असतं. मी सायकल चालवतो. काकूंना सांग, मला ओलांडा."

"तुम्हाला?"

"मग काय माझ्या जागी डबे ठेवणार? डब्याला कसं वाटलं ते कोण सांगणार?"

शनिवारी फ्रेमवाले यार्डात सायकल चालवू लागले आणि काकू मागून आल्या. पहिल्यांदा त्या मागेच राहिल्या. मग एकदाच्या गेल्या, डोळे मिटल्यासारख्या. ताईंनी काच खाली केली.

"कसं वाटलं?"

"शर्ट हलला," फ्रेमवाले ओरडून म्हणाले. "अजून लांबून."

परत फेरी. "आता?"

"बाही हलली. आणि हॉर्न कशाला? मला ऐकू येतंय."

काकू हसल्या, पहिल्यांदाच. त्यानंतर त्यांचे खांदे सैल झाले. उन्हं वर येईपर्यंत त्या फ्रेमवाल्यांना ओलांडत राहिल्या. कधी ते मुद्दाम खड्डा चुकवल्यासारखे आत सरकायचे, कधी मध्येच थांबायचे, आणि काकू ब्रेक लावून वाट बघायच्या, मग सावकाश, भरपूर जागा सोडून जायच्या. शेवटच्या फेरीला फ्रेमवाल्यांनी नुसताच हात वर केला.

पुढच्या परीक्षेत काकू पास झाल्या. पेढ्यांऐवजी पाव आले, चांगले दोन पिशव्या भरून, अजून गरम.

शनिवारचं यार्ड मग चालूच राहिलं. दिराने आधी नाक मुरडलं. नंतर एकदा तो आपला एक शिकाऊ घेऊन तिथे आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. हल्ली तो नव्या माणसांना सांगतो, "आमच्याकडे सायकलचा वेगळा धडा असतो." जणू त्यालाच सुचलं होतं. ताई हसून सोडून देतात.

पुलावर काही फरक पडलेला नाही. फ्रेमवाले पुन्हा सायकलने जातात, पण समोरून ट्रकांची रांग दिसली की उतरतात आणि कठड्याकडेने सायकल ढकलत नेतात. ताईंनी एकदा विचारलं, तुमच्यासाठी एखादी जुनी गाडी बघू या का? ते म्हणाले, "बघू सावकाश." अजून बघितलेली नाही.

गेल्या शनिवारी सगळे शिकाऊ निघून गेल्यावर फ्रेमवाले रुमालाने मान पुसत होते. ताई गाडीच्या काचा चढवत होत्या.

"आता तू," ते म्हणाले.

"मी काय?"

"तू कधी ओलांडलंस मला? नुसती शेजारी बसून असतेस."

ताईंना हसू आलं, पण त्या स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. फ्रेमवाले सायकलवर चढून पुढे निघाले, पाठ जराशी वाकलेली, शर्ट घामाने चिकटलेला. ताई थोडं अंतर तशाच मागे राहिल्या. मग गाडी पूर्ण बाजूला घेतली आणि पुढे गेल्या. थांबून त्यांनी काच खाली केली.

"कसं?"

फ्रेमवाले जवळ आले. विचार करून म्हणाले, "जाताना छान गेलीस. पण लगेच आत वळलीस. माझ्या पुढच्या चाकाला जरा जागा सोड."

एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्या ताई वाद घालणार होत्या. घातला नाही. गाडी वळवून त्या यार्डाच्या टोकापर्यंत गेल्या आणि ते सायकलवर बसेपर्यंत तिथे थांबल्या.