हात खिशात

कायानी या उत्तरेकडच्या बर्फाळ गावातल्या कागद गिरणीत रायलीने सव्वीस वर्षं काढली आणि तिथे तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. यंत्रावर कागद फाटला की बाकीचे ओरडेपर्यंत हिने तो पुन्हा लावलेला असायचा. गिरणी बंद पडली तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. घरी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. ती विशेष मुलांच्या वर्गात मदतनीस व्हायला निघाली आणि आपल्या लेकीहून लहान असलेल्या हेन्ना या शिक्षिकेच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागली.

वर्गात सात वर्षांची मिंटू होती. ती बोलत नसे, चित्रांची कार्डं दाखवून आपलं म्हणणं सांगायची. पहिल्याच आठवड्यात रायलीने तिला मधल्या सुट्टीत बाहेर जाण्यासाठी दीड मिनिटात तयार केलं. लोकरीचे मोजे, बर्फातला जाड सूट, बूट, टोपी, सगळं.

"बघितलंस? गिरणीचा हात आहे हा!"

"बघितला," हेन्ना म्हणाली. "आणि मिंटूनं काय केलं?"

"ती? ती उभी होती."

"उभं राहणं तिला आधीच येत होतं, रायली."

रायलीला हे चांगलंच झोंबलं. कालची पोर मला शिकवते! पण खरं होतं, म्हणूनच झोंबलं. हेन्नाने उपायही सांगितला होता, कार्ड दाखव, करून दाखव, आणि मग हात खिशात. पुढचे तीन महिने रायलीचे हात खिशात नुसते शिवशिवत होते.

फेब्रुवारीत परीक्षा आली. हेन्नाच घेणार होती, वर्गातलं काम बघून. पास झाली, तर याच वर्गातली कायमची जागा रायलीची. बाहेर उणे चौदा, सुट्टी पंधरा मिनिटांची. मिंटूने मोजे घातले, सुटात पाय घातले, बूट-टोपी चढवली आणि चेनपाशी गाडी अडली. रायलीने चेनचं कार्ड दाखवलं, आपल्या जॅकेटची चेन सावकाश वर ओढली, परत खाली घेतली आणि हात खिशात घातले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिंटू रडकुंडीला आली, रायली तर त्याआधीच आली होती. घंटा झाली आणि पोरं धडाधड आत आली, त्याच गोंधळात मिंटूने स्वतःच चेन सर्रकन हनुवटीपर्यंत ओढली. तिने 'बाहेर'चं कार्ड उचललं.

"सुट्टी संपली," हेन्ना म्हणाली.

"बाकीच्यांची. हिची आत्ता सुरू होतेय. नापास करायचं तर कर बाई, पण आम्ही परत आल्यावर."

हेन्नाने दार उघडून धरलं. हातातल्या कागदावर तिने 'उत्तीर्ण' आधीच लिहिलं होतं, ते रायलीला अर्ध्या तासाने कळलं.

अंगणात मिंटू चार पावलं गेली आणि थबकली. रायलीचं जॅकेट अजून उघडंच होतं. मिंटूने त्या चेनकडे बोट दाखवलं, आपले दोन्ही हात खिशात घातले आणि वाट पाहत उभी राहिली.