पाणी काय म्हणतंय?

"सर, पाणी काय म्हणतंय?"

होडी काठापासून जरा आत गेली की मागच्या बैठकीवरून मामांचा हा प्रश्न यायचा. मी पुढे बसलेला असायचो. मी सांगायचो, "डावीकडे, बुडालेल्या खुंटापाशी हलतंय. दोन काठ्या लांब असेल." मग गळाच्या रिळाचा किर्र आवाज, डोक्यावरून सणसणत गेलेली दोरी, आणि खुंटाच्या अगदी कडेला 'टप्'. क्षणभर काहीच नाही. मग पाणी फुटायचं.

मामा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले परिचर. शाळेत शिपायाला, परिचराला सगळे मामाच म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काही माणसं त्या हाकेत अशी बसतात, की त्यांचं खरं नाव फक्त सेवापुस्तकात उरतं. मी त्याच शाळेचा ग्रंथपाल. त्यांची परीक्षानळ्यांची मांडणी आणि माझी कपाटं यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीपलीकडून मधल्या सुट्टीत कानस घासल्याचा आवाज येई. एकदा डोकावलो तर मामा बाटलीच्या बुचाला पाय बसवत होते.

"बेडूक हाय," ते म्हणाले. "बसा. शेपटीला तुमच्या जुन्या पुस्तकाची कापडी पट्टी द्या की एखादी."

बेडकाला शेपटी नसते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते तुम्हाला माहीत हाय. गळाला येणाऱ्या मरळीला कुठं माहीत हाय?"

पुस्तक बांधणीतली लाल पट्टी मी दिली. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

मामा जिवंत आमिष कधी लावत नसत. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. बुचाचे बेडूक, चमच्याचं पातं कापून केलेली चकाकती मासळी, चपलेच्या रबराचा उंदीर, हीच त्यांची सामग्री. खोट्या गोष्टीला मासा कसा फसतो, असं मी विचारलं होतं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "फसत न्हाई तो, सर. मरळ लई रागीट. तिच्या दारात कोण आलं, एवढंच ती बघती. भुकेला खरं लागतं. रागाला कायबी चालतं."

होडीही अशीच मिळवलेली. भंडारदरा धरणाच्या काठावर तंबू लावणाऱ्या एकाने पर्यटकांसाठी दोन माणसांची प्लास्टिकची कयाक आणली होती. ती तळाशी तडकली, म्हणून त्याने टाकून दिली. मामांनी तुटक्या बादलीचं प्लास्टिक तापल्या सळईने वितळवून तडा बुजवला. होडी पिवळीधमक, तिच्यावर बादलीचा हिरवा डाग. काठावरच्या बाया म्हणायच्या, "आले बघा, पपईत बसून आले!" मामा वल्हं उंचावून म्हणायचे, "पिकली की देतो तुम्हाला फोड!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आठवड्यातून तीनदा जायचो. ऊन चढायच्या आत निघायचं, दहाला परतायचं. पाणी खाली गेलेलं असे, काठाला चिखलाचे पापुद्रे वळलेले. मामांचा नियम एकच होता. एका कालवणापुरता मासा मिळाला की गळ खोलायचा. त्यानंतर आम्ही नुसतेच तरंगायचो. मी कधी काही वाचून दाखवायचो. त्यांना प्रवासवर्णनं आवडत. नदी ओलांडायचा प्रसंग आला की ते थांबवायचे. "थांबा. खोली किती हुती ते दिलंय का?" दिलेली नसायची. "मग तो गेलाच न्हाई तिथं," असा त्यांचा निकाल.

मला सगळ्यात आवडायचा तो त्यांचा प्रश्न. पाणी काय म्हणतंय. मला वाटे, मला बघायला शिकवण्यासाठी ते विचारतात. पुस्तकातून मान वर न काढणाऱ्या माणसाला त्यांनी मुद्दाम पुढे बसवलं आहे, असं मी धरून चाललो होतो. माझा वर्षानुवर्षांचा समज होता तो, आणि मला त्याचा अभिमानही होता.

ते निवृत्त झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. एका सकाळी मी चष्मा पुसत होतो, आणि मागून मामा एकदम कुजबुजले, "वर आली. श्वास घ्यायला वर आली बघा." माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी बेडूक फेकला. फेक नेहमीसारखी अचूक होती. फक्त ज्याच्यावर फेकला ती मरळ नव्हती. जाळ्याला तरंगण्यासाठी बांधलेली पाण्याची रिकामी बाटली होती. गळ जाळ्यात अडकला, मामांनी झटका दिला, आणि काठावरून जाळेवाला ओरडत धावला.

"ओ मामा! जाळं हाय ते माझं! डोळे हाईत का शर्टाची बटनं?"

"बटनंच हाईत रं," मामा हसून ओरडले. "एक तुटलंय, एक लोंबतंय!"

जाळेवालाही हसला. मी हसलो नाही. बाटलीवरचा निळा कागद मला होडीतून स्पष्ट दिसत होता.

गळ सोडवून झाल्यावर मी होडी जाळ्यापासून दूर नेली. मग त्यांनी स्वतःच सांगितलं. काचबिंदू, कित्येक वर्षांचा. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच पुरता गेला. डाव्याने नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, तेही धुरकट. थेंब चालू होते, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. नगरजवळ केडगावला राहणाऱ्या लेकीला डावा डोळा चांगला आहे असंच त्यांनी सांगितलं होतं.

"तिला बोलू नका, सर. ती नेईल मला. तिसऱ्या मजल्यावर बसवंल. हितं मला खुंट न् खुंट पाठ हाय. तुमी पुढं हाय तोवर काय अडत न्हाई. एवढा उन्हाळा."

मी शब्द दिला. तुम्हीही दिला असता.

त्यानंतर मी जास्त नीट पाहू लागलो. आता 'डावीकडे' एवढं पुरत नव्हतं. किती हात, वारा कुठून, सावली कुठे पडली आहे, हे सगळं मी मोजून सांगायचो, आणि ते ऐकून फेकायचे. खरं सांगू, तो महिना आमचा सगळ्यात चांगला गेला. मी इतकं जपून कुठलंही पुस्तक वाचलेलं नाही.

मेच्या अखेरीस मला दोन दिवस परीक्षेच्या कामासाठी नगरला जावं लागलं. "मी आल्यावर जाऊ," असं मी बजावलं होतं. ते हो म्हणाले, आणि दुसऱ्या सकाळी एकटेच गेले. आठनंतर वारा सुटला, होडी फिरली, आणि काठ कुठल्या बाजूला हेच त्यांना समजेना. दुपारी दीडला जाळेवाल्याला ते पलीकडच्या कड्याखाली सापडले. तोंड भाजलेलं, ओठ फुटलेले, वल्हं मांडीवर आडवं धरलेलं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा ते खाटेवर ताक पीत बसले होते. "पाणी वळखीचं हुतं, सर," ते म्हणाले. "काठच परका निघाला."

त्यांच्या आवाजात पुढच्या खेपेची तयारी होती. ती ऐकली, आणि बाहेर ओट्यावर येऊन मी लेकीला फोन केला.

ती दुसऱ्याच दिवशी नवऱ्यासोबत गाडी घेऊन आली. मामा कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले. मी काचेजवळ गेलो, तर ते समोर बघत राहिले. मी उभा आहे हे त्यांना दिसलं नाही, की दिसलं, ते मला सांगता येत नाही.

केडगावला मी महिन्यातून एकदा जायचो. गच्चीच्या दाराशी खुर्ची, खाली पुणे रस्त्यावरचे ट्रक. ते माझ्याशी छान बोलायचे. शाळेत नवे मुख्याध्यापक कसे आहेत, डाळ किती महागली, नातवाला गणित कसं येत नाही. धरणाबद्दल एक अक्षर नाही. मी एकदा म्हणालो, "यंदा पाणी बरंच भरलंय." ते म्हणाले, "चहा घ्या, गार हुईल."

संक्रांतीनंतर गेलो, तेव्हा लेक बाजारात गेली होती. मी निघताना त्यांनी चाचपडत माझं मनगट पकडलं.

"फोन तुमी केला ते मला हितं आलो त्याच राती कळलं हुतं. लेकीच्या तोंडून निघून गेलं."

मी पुन्हा खाली बसलो.

"लई राग आला हुता. सकाळी उठलो की पहिला तुमचाच राग. सहा-सात महिने टिकला बघा." ते थोडे हसले. "आता तो पन गेला. हुता तवर बरं हुतं, सर. दिवस जायचा. आता काय करावं कळत न्हाई."

मनगट त्यांनी लगेच सोडलं नाही. लेक पिशव्या घेऊन आत आली, तेव्हा सोडलं.

होळीच्या आधी ते गेले. झोपेतच.

मी फोन केला नसता तर मामा त्याच उन्हाळ्यात बुडाले असते, असं लेक म्हणते. जाळेवालाही म्हणतो. त्यांचं बरोबर आहे. मीही कुणी विचारलं तर हेच सांगतो. पण सुट्टी लागली की मला पहाटेच जाग येते, आणि मी धरणावर जातो. त्या वेळी वारा पडलेला असतो. खुंटांच्या सावल्या पाण्यावर सरळ उतरलेल्या असतात, आणि एखादी मरळ वर येऊन श्वास घेते, की वर्तुळं माझ्या पायापर्यंत येतात. तेवढ्या वेळापुरतं त्यांचं ते 'बरोबर' मला पटत नाही.